दोन सिमचा संसार

माझ्या फोनची बॅटरी दुपारचा डबा उघडायच्या आधीच मान टाकायची. मला आधी चार्जरचा संशय आला. मग माझा चार्जर सारखा पळवणाऱ्या माधवीचा. (माधवी म्हणजे माझी बायको. संशय घेतल्याचं तिला सांगू नका.) कोठीच्या बाजारातून नवा चार्जर आणला, तरी फोनची रड तीच. शेवटी हैदराबादेत, आबिड्सच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कुलदीपला विचारलं.

कुलदीप घरचा मराठी, पण जन्म हैदराबादचा. तोंड उघडलं की दखनी हिंदीच बाहेर पडते. त्यानं वैद्यानं नाडी धरावी तसा फोन धरला.

"दो सिम डाले ना, दौलतमियाँ? दोनों दिनभर टॉवर ढूंढते बैठते. बॅटरी बिचारी क्या करेगी? एक कू सुला दो."

पटलं. एक सिम घरचं, सगळ्या नातेवाइकांना ठाऊक असलेलं. दुसरं नुकतंच ऑफिसातून मिळालेलं. नंबर बाहेर कुणाला द्यायचा नाही, असा साहेबांचा हुकूम. साहेबांचा फोन चुकवणं म्हणजे आपल्या हातानं बदली मागून घेणं. म्हणून मी घरचं सिम बंद केलं. इंटरनेट ऑफिसच्या सिमवर टाकलं. व्हॉट्सॲप पहिल्यासारखंच चालत होतं, त्यामुळं आणखी विचार करायची गरज वाटली नाही. (विचार न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.)

नेमक्या त्याच दिवशी नांदेडहून माझ्या सासूबाई, भागूबाई, यायच्या होत्या. "काचीगुड्याला उतरलात की फोन करा मामी, मी लगेच न्यायला येतो," असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. साहेबांची परवानगी घेऊन फोनची वाट बघत बसलो. फोन काही येईना. म्हटलं, गाडीला उशीर झाला असेल.

इकडं दुपार टळली तरी बॅटरी भरलेली! मी इतका हरखलो, की त्या भरलेल्या बॅटरीचा स्क्रीनशॉट काढून शाळेच्या जुन्या ग्रुपवर टाकला. लोकांनी उपाय विचारला. मी एकेकाला सविस्तर समजावत बसलो.

संध्याकाळी विद्यानगरला घरी पोचलो, तर दारात मामींच्या चपला. आत मायलेकी समोरासमोर बसलेल्या.

"जयभीम, मामी! फोन नाही केलात?"

मामींनी लेकीकडं पाहिलं. "मलाच विचारायलेत बघ."

"आईनं स्टेशनात बसून तुम्हाला फोन लावला. बंद," माधवी म्हणाली. "मी लावला. बंद. शेवटी मीच शाळेतून सुट्टी काढून आणायला गेले."

"बंद कसा असेल? बॅटरी तर..."

"तेच म्हणते मी. फोन बंद, आणि व्हॉट्सॲपवर साहेब ऑनलाइन! रिक्षात बसल्यापासून बघायले. मुद्दाम मेसेज टाकला नाही. म्हटलं, बघू तरी किती वेळ चालतं. काय बोलत होतात एवढं?"

"बॅटरीविषयी."

खरं बोलणं इतकं खोटं वाटू शकतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"दुसरा नंबर घेतलाय का?"

"घेतलाय. म्हणजे मी नाही घेतला. आणि तो घरी सांगायचा नाही, असं..."

एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर कुलदीपचं नाव. माधवीनं तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"क्या दौलतमियाँ!" कुलदीप गरजला. "घरवाली कू बंद किए ना? बस, अब आफिसवाली कू चालू रखो! दो-दो कू संभालने का दम नहीं रहा अब. घरवाली का काम पड़ा तो थोड़ी देर चालू कर लेना!"

माधवीच्या भुवया केसांना जाऊन भिडल्या.

"अरे, सिम म्हण! सिम!" मी ओरडलो.

मामींना थोडं कमी ऐकू येतं. "सीमा?" त्या पुढं सरकल्या. "ही सीमा कोण म्हणायची?"

मी फोन हिसकावून कुलदीपचं तोंड बंद केलं आणि बोलत सुटलो. सीमा नावाच्या कुठल्याच बाईला मी ओळखत नाही, आजवर परक्या बाईकडं मान वर करून पाहिलेलं नाही, ऑफिसात तर एका खांबाआड बसतो! सेटिंग उघडून दोन्ही सिम दाखवली, घरचं चालू केलं. त्याबरोबर चुकलेल्या फोनचे मेसेज धडाधड येऊन पडले. सगळे सासूचे आणि बायकोचे.

माधवीनं ते मेसेज खाली-वर करून पाहिले.

"पण बाईचं कुणी काढलं?"

"तुला संशय आला ना?"

"मला वाटलं, आईला आणायला जायचा कंटाळा म्हणून फोन बंद केलात आणि मित्रांशी गप्पा हाणत बसलात." मग तिला हसू आवरेना. "बाई? तुमच्यामागं?"

सुटका झाली होती, पण कुठंतरी जिव्हारी लागलं. मी मोठ्या आशेनं सासूबाईंकडं वळलो.

"मामी, तुम्हाला तरी आला असेल ना संशय?"

"छ्या!" मामींनी हात झटकला. "पोरगी देतानाच आमचे मालक म्हणले होते, पोराच्या तोंडाकडं बघा, ह्या बाबतीत पोरीला जन्मभर घोर नाही."