स्कोअर आणि मिरचीचा हंगाम

हर्षा रामटेकेचा क्रेडिट स्कोअर सहाशे अकरा निघाला, तेव्हा तिनं सवयीप्रमाणे आधी यंत्रावर संशय घेतला. रिपोर्ट विचित्र आला की नमुना पुन्हा तपासायचा, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम.

"सर, पुन्हा एकदा बघता का?" तिनं बँकेच्या मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, हे रक्त नाही," मॅनेजर म्हणाले. "कितीदा पाहिलं तरी एवढंच येणार."

धानोऱ्याच्या बसस्टँडजवळ हर्षाची 'सुजाता लॅब' होती. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि भिंतीवर 'सुईला घाबरू नये' अशी पाटी. पेशी ती डोळ्यांनीच मोजायची. बारीक तपासण्यांचे नमुने संध्याकाळच्या बसनं गडचिरोलीला जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत कधीकधी रोगी आपोआपच बरा व्हायचा, तर कधी जास्त बिघडायचा. गडचिरोलीच्या एका म्हाताऱ्या लॅबवाल्याकडे पेशी मोजायचं चांगलं यंत्र होतं. येत्या फेब्रुवारीअखेर ते लॅब बंद करणार होते. "तोवर मीच वापरतो, मग तू ने," त्यांनी हर्षाला सांगितलं होतं. "पण पैसे तेव्हाच पाहिजेत. नाहीतर देसाईगंजचा एक जण टपून बसला आहे." म्हणजे हाती सहा महिने होते. त्यासाठीच ती बँकेत आली होती.

"मी आयुष्यात एकच कर्ज घेतलं, फ्रिजचं," ती म्हणाली. "तेही तारखेच्या आधी फेडलं."

"तुमचं स्वतःचं स्वच्छ आहे. पण तुम्ही एका मोटरसायकलला जामीन आहात. कुलदीप रामटेके. सहा हप्ते थकले आहेत."

कुलदीप तिचा दीर. हर्षा घरी पोचली तेव्हा तो अंगणात त्याच मोटरसायकलला आंघोळ घालत होता.

"कुलदीप, गाडीचे हप्ते काऊन नाई भरले?"

"भरून राह्यलो ना वहिनी! खात्यातून आपोआप कटते."

"कोणत्या खात्यातून?"

कुलदीप साबणाचा फेस हातात घेऊन थांबला. तो ज्याची पिकअप चालवायचा, त्या मालकानं जानेवारीपासून त्याचा पगार दुसऱ्या खात्यात टाकायला सुरुवात केली होती. जुनं खातं रिकामं होतं. हप्ता दर महिन्याला आपोआप तिथं जायचा आणि आपोआप रिकाम्या हातानं परत यायचा.

"पण मंग फायनान्सवाल्याईचा एकही फोन कसा नाई आला मले?" कुलदीपनं विचारलं.

फॉर्मवर नंबर घरच्या फोनचा दिला होता. घरचा फोन खिडकीत असायचा आणि खिडकीशी असायच्या सोनीबाई, हर्षाच्या सासूबाई. त्या लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

"बाई," हर्षानं विचारलं, "फायनान्सचा फोन आलता का कधी?"

"आलता ना. लय वेळा आलता."

"मंग?"

"मंग का? मी आहो ना इथी," सोनीबाई डाळीवरची नजर न हलवता म्हणाल्या.

त्या गल्लीत एक जुनी रीत होती. बाहेरच्या माणसानं आपल्या माणसाची चौकशी केली, की आधी तो इथं नाही म्हणून सांगायचं आणि मग चौकशी कशाची ते पाहायचं. सोनीबाईंनी पहिली पायरी चोख पार पाडली होती. दुसरीची गरज त्यांना वाटली नव्हती. फेब्रुवारीत फोन आला, तेव्हा कुलदीप तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. मे महिन्यात तो तेंदूपत्त्यावर होता आणि जुलैत मावशीच्या गावी धानाच्या रोवणीला. एकदाही हंगाम चुकला नव्हता. एवढी बिनचूक नोंद हर्षाच्या लॅबमध्येही नसायची.

"पोरगा चांगला होता पन," सोनीबाई म्हणाल्या. "मले मावशी म्हने. एक दिवस म्हने, मावशी, मिरची अजून सरली नाई का? मी म्हनलं, यंदा पीक लय आहे बाबू."

"आणि कोणी घरी आलं नाई?"

"आलते ना दोघं. समोरच्या मंगलीनं सांगतलं त्याईले तेलंगनाचं. मी शिकवून ठेवलंतं साऱ्या गल्लीले."

हर्षा ओट्यावर बसली. "बाई, विहारात दर रविवारी पंचशील म्हणता ना. चौथं शील कोणतं?"

"खोटं नाई बोलाचं."

"मंग?"

सोनीबाईंनी प्रथमच मान वर केली. "ते फोनवर बी लागते का?"

ते फोनवरही लागतं, हे त्यांना पटवून द्यायला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ गेला. पण पटल्यावर पटलं. "आता कोनी बी आलं, कोनाबद्दल बी विचारलं, तं खरं सांगन," त्यांनी कबूल केलं, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

कुलदीपनं थकलेले सगळे हप्ते दंडासकट भरले आणि पुढचा महिनाभर कोणी न सांगता लॅबचं पाणी भरलं. मॅनेजर म्हणाले, आता हप्ते वेळेवर जाऊ द्या, स्कोअर हळूहळू चढेल. हर्षाला हे समजायला सोपं गेलं. अंगात रक्त कमी असलं की गोळ्या सुरू करायच्या आणि धीर धरायचा. रोज तपासून काही ते वाढत नाही. घरातल्यांनाही तिनं तसंच समजावलं. तेव्हापासून महिना भरला की सोनीबाई विचारायच्या, "तुहं रक्त किती भरलं वं?" आणि हर्षा सांगायची, सहाशे चौतीस. सहाशे अडुसष्ट.

डिसेंबरात तो एकदम उतरला. सहाशे एक्कावन्न.

हर्षानं घरातल्या एकेकाची तपासणी सुरू केली. कुलदीपचे हप्ते गेले होते. सोनीबाई खरंच बोलत होत्या; इतकं खरं की मंगलीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. राहिला नवरा. श्रावण वनखात्यात चौकीदार होता. त्याच्या नाक्यावर गाड्या कमी आणि नेटवर्क भरपूर होतं.

"तुम्ही माह्या स्कोअरचं काई केलं का हो?"

"कराचं का त्यात? पाह्यला फक्त," श्रावण प्रेमानं म्हणाला. "फोनवर येते ना, 'फुकट स्कोअर पाहा.' तुह्या पॅनचा नंबर टाकला, तू झोपली होती तं तुह्या फोनवरचा ओटीपी टाकला. म्हनलं, कुठी जास्त दाखवते ते पाहू."

"कुठी कुठी पाह्यलं?"

"सात-आठ ठिकाणी असन."

"आणि पाह्यल्यावर खाली काई बटन होतं?"

"होतं ना. हिरवं. 'पुढे जा' म्हणे, गेलो."

हर्षानं डोळे मिटले. "अहो, तुम्ही स्कोअर नाई पाह्यला. माह्या नावानं आठ ठिकाणी कर्ज मागतलं. बँकेले वाटलं असन, ही बाई दारोदार फिरून राह्यली. एका नमुन्यासाठी आठ वेळा सुई टोचली तुम्ही मले!"

"मले का माहीत वं? मी तं लाडानं पाह्यला," श्रावण म्हणाला आणि आपला फोन स्वतःहून तिच्या हातात दिला. तिनं त्यातलं एकेक ॲप काढून टाकलं. पुढचे दोन महिने श्रावण नाक्यावर बसून नुसती झाडं पाहत होता.

फेब्रुवारीत स्कोअर सातशे अठरा झाला. मॅनेजरनी स्वतः फोन करून सांगितलं. "फाईल पुढे पाठवली आहे. आता एकच गोष्ट उरली. आमचा माणूस न कळवता येईल, घरचा पत्ता पाहील, दोन शेजाऱ्यांना विचारेल. त्याचा शेरा चांगला आला की झालं."

त्या रात्री हर्षानं घरात सगळ्यांना बसवून पुन्हा बजावलं. सोनीबाई दुखावल्या. "मले काऊन सांगतं? मी तं कव्हाची सुधरली."

ते खरं होतं. सोनीबाई सुधारल्या होत्या. गल्लीला मात्र कोणीच काही सांगितलं नव्हतं.

महिन्याचे शेवटचे दिवस होते. बाजाराचा दिवस असल्यानं सोनीबाई घराला कुलूप लावून बाजारात गेल्या होत्या. ऊन चढल्यावर लॅबमध्ये एक तरुण आला. पाठीवर बॅग, हातात हेल्मेट आणि अंगात थंडी.

"ताई, मलेरियाची टेस्ट होते का? दोन दिवस एटापल्लीकडे होतो. कालपासून अंग मोडून राह्यलं."

हर्षानं त्याचं नाव विचारून काचपट्टीवर लिहिलं, आयुष; बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पसरवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पडद्यावर नजर टाकली आणि फोन कापला. ती पट्टी रंगवेपर्यंत तो आणखी दोनदा वाजला आणि दोनदा कापला गेला.

हर्षा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की बाहेरचं जग तिच्यापुरतं बंद व्हायचं. तरुण मागच्या बाकावरून बोलत होता.

"कमाल गाव आहे ताई तुमचं. सकाळपासून एक बाई शोधून राह्यलो. सापडतच नाही."

"कोण?" हर्षा पट्टी सरकवत म्हणाली.

"हर्षा रामटेके. फायनान्सचं काम होतं."

"त्या नाई इथी," हर्षा म्हणाली. डोळा भिंगावर, बोटं पट्टीवर. "तेलंगणात गेल्या. मिरची तोडाले."



"तुम्ही पण?" तरुण हताश होऊन म्हणाला. "समोरच्या घरची मंगलीबाई म्हणे तेलंगणात. किराणावाला म्हणे तेलंगणात. एक म्हातारबुवा म्हणाले, गाव कोणतं ते नाई माहीत, पण मिरचीच. बरं, बँकेतून कर्ज पाहिजे लॅबच्या मशीनसाठी, आणि बाई मिरचीवर! काय लिहू मी?"

हर्षानं पट्टी सोडली. भिंगाखाली आयुषच्या रक्तपेशी तेवढ्या शांत पडून होत्या. त्यांत मलेरियाचं नावनिशाण नव्हतं. तिनं एवढ्या सावकाश डोळा वर केला, जणू हलली तर काहीतरी सांडेल. आता सांगावं तर काय सांगावं? मीच हर्षा, आणि आत्ता खोटं बोलले? सहा महिन्यांपूर्वी सासूला चौथं शील शिकवणारी मीच?

"मलेरिया नाई तुम्हाला," ती म्हणाली. तेवढं तरी खरं होतं. "पाणी प्या. आणि ते... म्हणजे..."

नेमक्या त्याच वेळी दारातून भाजीची पिशवी आत आली आणि मागून सोनीबाई.

"जयभीम, आजी," आयुषनं शेवटचा प्रयत्न केला. "तुम्ही इथल्याच का? हर्षा रामटेके माहीत आहेत का?"

सोनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या बॅगेकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागून हर्षा डोळे मोठे करून कसल्यातरी खुणा करत होती. त्यांचा अर्थ सोनीबाईंनी एकच लावला: खरं बोला.

"अरे, हेच तं हर्षा!" त्या खणखणीत म्हणाल्या. "माही सून."

"पण त्या तर तेलंगणात..."

"कोन म्हनते? ते गडचिरोलीच्या पुढं जात नाई. खोटं कोनी सांगतलं तुले? नाव सांग, पाहतो मी त्याले!"

आयुष हळूहळू वळला.

"मी," हर्षा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, क्रमानं. रिकामं खातं, सोनीबाईंचे हंगाम, श्रावणचं हिरवं बटन आणि आताचं भिंगातलं लक्ष. यंत्र परवापर्यंत उचललं नाही तर देसाईगंजला जाणार, हेही सांगितलं. आयुष ऐकत होता. मध्ये फोन वाजला, त्यानं कापला.

"मी खूप गावं फिरतो, ताई," शेवटी तो म्हणाला. "शेजारी न विचारता सांगतात. कोणाचं किती थकलं, कोण पितो, कोणाचं कोणाशी पटत नाही. इथं पाच घरं फिरलो, तुमच्याविरुद्ध एक शब्द निघाला नाही." त्यानं फोनमध्ये फॉर्म उघडला आणि टाइप करताकरता वाचला. "अर्जदार कामाच्या जागी प्रत्यक्ष भेटल्या. काम करताना पाहिलं. शेजाऱ्यांचं मत..." तो थोडा थांबला. "एकमत. कशावर ते विचारत नाही फॉर्म."

त्याच क्षणी फोन पुन्हा वाजू लागला.

"उचल ना बापा," सोनीबाई म्हणाल्या. "कव्हाचा वाजून राह्यला."

"राहू द्या, आजी."

"काऊन? कोन आहे?"

आयुषनं आधी दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माह्याच गाडीच्या हप्त्याचे आहेत."

हर्षानं घाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भिंगाखाली आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोनीबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि पुढे केला.

"आन इकडं. नाव का तुहं?"

"आयुष. पण आजी..."

फोन त्यांच्या कानाला लागला होता. आवाज एकदम मऊ झाला. "कोन, आयुष? नाई ना बाबू. तो तं तेलंगनात गेला. मिरची तोडाले."

"बाई!" हर्षा ओरडली. "चौथं शील!"

"आपल्या घरच्याचं थोडी सांगतलं," सोनीबाई म्हणाल्या आणि फोन आयुषच्या हातात ठेवला. मग त्याच्या बॅगेचा पट्टा नीट करत हलक्या आवाजात म्हणाल्या, "पन हप्ता भरून टाकजो लवकर. मिरची सरली का मंग सांगाले काई राह्यत नाई."