बस्त्यावकाकांच्या गॅरेजचा लिलाव

सांडोरच्या बस्त्यावकाकांकडून पाना, पक्कड, हातोडा, काहीही उसनं न्यायचं तर एक चप्पल ठेवून जावी लागे. दोन नाही, एकच. स्कूटरचा आरसा आवळायला पाना हवा म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मी हसत हसत दोन्ही चपला काढून ठेवल्या. काकांनी त्यातली उजवी पायानेच माझ्याकडे सरकवली.

"दोन ठेवल्या तर माणूस बाजारात जाऊन नव्या घेतो, टीचर," ते म्हणाले. "एक ठेवली की परत येतो."

मे महिन्याची दुपार होती. एका पायात चप्पल, एका हातात पाना अशी मी डांबरी रस्त्यावरून लंगडी घालत घरी आले. वाटेत माझ्याच वर्गातल्या दोन मुली भेटल्या. त्यांनी अतिशय आदराने 'गुड आफ्टरनून' म्हटलं आणि वळणापलीकडे जाऊन पोटभर हसल्या. पाना मी संध्याकाळच्या आत परत केला, हे सांगायला नकोच.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. वसईला फ्लॅट घेतला तो नेमका काकांच्या केळीच्या वाडीला लागून, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं गॅरेज दिसायचं. गॅरेज म्हणजे घराच्या अंगाला काढलेली कौलारू, लांबलचक खोली. तरुणपणी काका तिथे भाजी मुंबईला नेणारे टेम्पो दुरुस्त करत. पुढे वालीवच्या एका वर्कशॉपात फोरमन झाले, निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात जगानं जे जे लोखंड टाकून दिलं ते ते त्यांनी घरी आणलं. रबरी फुग्याचे भोंगे, पितळी ग्रीसगन, लांब चोचीच्या तेलाच्या कुप्या, टॅक्सीचे जुने मीटर, टायरच्या जाहिरातींच्या पत्र्याच्या पाट्या, कुठल्याशा बंद पडलेल्या पेट्रोलपंपाचं काचेचं डोकं. आत शिरायचं तर अंग चोरून, आडवं होऊनच शिरावं लागे. काका मात्र अंधारातही हात घालून हवा तो पाना काढत.

"आधी उघडा, मग बोला," हे त्यांचं ब्रीद. मिक्सर बंद पडला, पंखा कुरकुरला, की लोक नाना तर्क लढवतात, ते काकांना सहन होत नसे. पण हे ब्रीद ते माणसांनाही लावत. माझ्या मुलाचा दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हा मी धास्तावून बसले होते. काका कुंपणावरून म्हणाले, "आधी उघडा, मग बोला." निकाल उघडला. मग आम्ही दोन दिवस बोललोच नाही, ती गोष्ट वेगळी.

काकांच्या पत्नी फिलूकाकी. दोघं आपसात त्यांच्या वाडवळी बोलीत बोलतात. तिची नक्कल माझ्या कऱ्हाडी जिभेला जमणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी जमेल तसं माझ्या मराठीत सांगते. काकी उमेदीत वसईच्या बाजारात भाजी विकत. आवाज खणखणीत, जीभ त्याहून. गॅरेजबद्दल विचारलं की म्हणत, "लग्न होऊन मी या घरात आले, मागोमाग एक जॅक आला. जॅकला आधी जागा मिळाली."

दुपारी त्या विहिरीजवळ बसून भाजी निवडत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. पण गुडघे गेले. ऑपरेशन करावं तर हृदय साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले. जिना तर बिलकूल चढायचा-उतरायचा नाही अशी ताकीद दिली. आणि झोपायची खोली वरच्या मजल्यावर! काकी वर अडकल्या त्या अडकल्याच. चर्चमध्ये मिस्साला जाणं सुटलं, विहीर सुटली. खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि मला सांगत, "टीचर, इथनं मला माणसांची टाळकीच दिसतात. दुमिंगला टक्कल पडतंय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं."

तळमजल्यावर न्हाणीघराला लागून खोली होती ती एकच, गॅरेज. हे सगळ्या आळीला दिसत होतं. बोलायची छाती कुणाची नव्हती. काकी तर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

अखेर एका रविवारी मिस्सा सुटल्यावर काका देवळाच्या पायरीवर उभे राहिले. चर्चला इथले जुने लोक देऊळच म्हणतात. टोपी काढून ते म्हणाले, "पुढच्या रविवारी माझ्या गॅरेजचा लिलाव हाय. सगळं काढायचंय. फिलूला खाली आणायचीय." एवढं बोलून टोपी घातली आणि चालू लागले. मागे अशी शांतता पसरली की फादरांनाही वाटलं असेल, आपल्या प्रवचनानंतर कधी अशी पसरली असती तर!

आता इथल्या लिलावाची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. देवळाच्या सणाला लोक वाडीतलं पहिलं फळ देवाला आणतात. केळीचा लोंगर म्हणजे अख्खा घड, भोपळा, एखादी कोंबडी. मिस्सानंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. पुकारा करतो तो मघाशी टक्कल पडलेला दुमिंग. बोली चढत जाते, "एक वार, दोन वार, तीन वार" होतं, लोक टाळ्या वाजवतात. आणि मग ज्याने कोंबडी घेतली तो ती घरी नेत नाही. पैसे देवाला देतो आणि मोठ्या मनाने म्हणतो, "परत लावा." की कोंबडी पुन्हा लिलावात! मी एका सणाला एकच कोंबडी इतक्यांदा विकली जाताना पाहिली की शेवटी 'एक वार' म्हटलं की ती आपणच मान वर करी. वस्तू घरी नेणारा माणूस थोडा चिक्कूच समजला जातो.

रविवार उजाडला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळा खजिना अंगणात मांडला होता. त्यात एक टोपली फक्त एकेकट्या चपलांची होती. पाना घेऊन परागंदा झालेल्या लोकांचं तारण! दुमिंगने घसा खाकरला. वरच्या खिडकीत फिलूकाकी केस नीट विंचरून बसल्या होत्या.

पहिली निघाली ग्रीसगन. मुंबईहून एक गृहस्थ मुद्दाम आले होते. त्यांनी बोली लावताच काका पुढे झाले. "हात दाखवा."

गृहस्थांनी गोंधळून हात पुढे केले. काकांनी ते ज्योतिष्यासारखे उलटेपालटे करून पाहिले. "ह्या हातांनी काय करणार ग्रीसगनचं?"

"माझं हॉटेल आहे. भिंतीवर लावणार. लोकांना जुन्या वस्तू आवडतात."

"भिंतीवर?" काकांचा आवाज चिरकला. "ती काय वारलेली आत्या हाय, भिंतीवर लावायला? दुमिंग, पुढचं घे!"

असं तासभर चाललं. प्रत्येक वस्तूची काका ओळख करून देत, आणि ती ओळख प्रवचनाहून लांबे. जुन्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू करत, तसलं एक हँडल त्यांनी उचललं. "ह्यानं माझा अंगठा मोडला. झटका मारला मागं! पण चूक ह्याची नव्हती. मीच घाई केली." लोकांनी च्च् च्च् केलं. आणि काय झालं कोण जाणे, माझाच हात वर गेला. दुमिंगने तीन वार पुकारले. माझी स्कूटर बटण दाबून सुरू होते, घरी मोटार नाही, आणि हँडल माझं!

काकांचा चेहरा मला बघवेना. मूल शाळेत सोडताना पालकांचा होतो तसा झाला होता. मग मला सुचलं. इतकी वर्षं इथे राहून आपल्याला इथली रीत कळली आहे, या अभिमानात मी खणखणीत आवाजात म्हटलं, "परत लावा, काका!"

अंगणात टाळ्या कडाडल्या. काका एकदम उजळले. "टीचर, तुम्ही आमच्यातल्या झाल्या," म्हणाले, आणि हँडल घाईघाईने पुन्हा आत ठेवून आले.

बस्स! मग जो उठला तो "परत लावा." भोंगा, परत लावा. मीटर, परत लावा. पेट्रोलपंपाचं काचेचं डोकं तर तिघांनी घेतलं आणि तिघांनी परत केलं. काकांवर सगळ्यांचा जीव, त्यामुळे उदारपणाची चढाओढच लागली. काका आत-बाहेर पळत होते, घामाघूम आणि खूश. दुपारपर्यंत दुमिंगचा घसा बसला, सगळं विकलं गेलं, आणि गॅरेज होतं तसं भरलेलं राहिलं. मुंबईचे गृहस्थ तेवढे एका बाजूला उभे राहून, आपण कुठे आलो आहोत, याचा विचार करत होते.

इतक्यात वरून काकींनी विचारलं, "बस्त्याव, झालं का रे?"

"झालं! सगळं गेलं!"

"मग ते दारातनं दिसतंय ते काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग गॅरेजकडे, मग आपापल्या पायांकडे. आळीतली एवढी शहाणी माणसं, त्यात मी गणिताची शिक्षिका, आणि हवी होती ती रिकामी खोली, हे एकाच्याही डोक्यात राहिलं नव्हतं. काकांचं मन राखण्याच्या नादात आम्ही काकींना पुन्हा वरच ठेवून दिलं होतं.

वरून हसणं ऐकू आलं. काकी म्हणाल्या, "राहू दे रे. असू दे सगळं. मी वर बरी आहे."

त्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. बाजारात गिऱ्हाइकाला सतत टोचून बोलणारी ती बाई इतक्या हळू बोलली की अंगणात जेमतेम ऐकू आलं. काका मान वर करून खिडकीकडे बघत राहिले. मग आत गेले, हँडल घेऊन बाहेर आले आणि सरळ माझ्या हातात दिलं.

"टीचर, घरी न्या."

"अहो काका, पण..."

"आता देवळाचा लिलाव नाय," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "आता घेईल तो नेईल. परत लावा कोण बोलला तर त्याला पण विकून टाकीन."

दुमिंगच्या घशातून आवाज फुटेना, म्हणून पुकारा काकांनीच केला. पण या वेळी कुठल्याही वस्तूची ओळख नाही, गोष्ट नाही. नुसतं नाव, आणि तीन वार. ज्या माणसाने एका नटबोल्टवर अर्धा तास खाल्ला असता तो भराभरा सगळं संपवत होता आणि वस्तू देताना दुसरीकडेच बघत होता. आम्हाला ते बघणं जड जात होतं. वालीवच्या एका कारखान्याचा टेम्पो पान्यांनी भरून गेला. ग्रीसगन शेवटी मुंबईच्या गृहस्थांनाच मिळाली.

"लावा भिंतीवर," काका त्यांना म्हणाले. "पण कधी तरी खाली उतरवा आणि ग्रीस भरा तिच्यात. नायतर आखडेल."

गृहस्थांनी अगदी गंभीरपणे कबूल केलं. तो माणूस तेवढ्यासाठी मला आवडला.

पुढचे काही दिवस माझ्या खिडकीतून एकच दृश्य दिसे. काका जमिनीवर बसून वर्षानुवर्षं सांडलेलं ऑइल रॉकेलने आणि लाकडाच्या भुश्शाने घासताहेत. मदत करू का म्हटलं तर ऐकत नसत. मग चुना झाला, खिडकी मोठी झाली, खाट आली. काकींना खाली आणायच्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. काका त्यांच्यापुढे, जिना उलट्या पावलांनी उतरत, दोन्ही हात पसरून. "हळू. डावीकडं घे. डावीकडं बोललो ना! इंजिन नाय ते, माझी बायको हाय!"

"इंजिन असतं तर आधीच खाली आणलं असतं," काकी खुर्चीवरून म्हणाल्या, आणि उचलणारे चौघं हसू आवरता आवरता जिन्यात थांबले.

खाटेवर टेकल्यावर त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. भिंती, खिडकीबाहेरची केळी, आणि मग बराच वेळ जमीन. "एवढी मोठी खोली होती ही?"

"मला पण आत्ताच कळलं," काका म्हणाले.

लोक पांगले. मी चहा करायला मागे राहिले. कप घेऊन आले तर काका दारातच उभे. हात मागे बांधले, सोडले, खिशात घातले, पुन्हा काढले. त्या हातांना धरायला काही नव्हतं.

"उभा का? बस की," काकी म्हणाल्या.

"जरा काम हाय..." काका सवयीने बोलून गेले आणि थांबले. मग येऊन खाटेच्या कडेला अवघडून बसले, पाहुणे बसतात तसे. काकींनी दोन्ही हातांनी आपला पाय उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"उजवा जास्त दुखतो," त्या म्हणाल्या. "बघ जरा."

काकांनी गुडघा दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याने हळूहळू चाचपत राहिले.

"इथं?"

"थोडं खाली."

"इथं?"

काकींनी डोळे मिटले. "हां," म्हणाल्या. मी चहाचे कप खिडकीत ठेवले आणि दार ओढून घेतलं.