दंत्य नकार

सिरॅमिक तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ तपासनीस बाईंचे समोरचे दोन दात कार्यालयीन कामकाज चालू असताना तुटले. नमुन्याची चिवट प्लास्टिकची पिशवी त्या दातांनी फाडत होत्या. 'पिशव्या कात्रीनेच उघडाव्यात' ही सूचना त्यांनीच भिंतीवर लावली होती आणि त्या वेळी त्या तिच्याच खाली उभ्या होत्या. कात्री होती, पण साखळीने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली. कात्र्या हरवतात म्हणून ती बांधायला लावणाऱ्याही बाईच.

पाठीमागे सगळे त्यांना 'मोजपट्टी' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्यात चुकीचं काही आहे असं त्यांना वाटत नसे.

दंतवैद्यबाईंनी तुटके दात घासून लहान केले, वर प्लास्टिकच्या तात्पुरत्या कॅप बसवल्या आणि विचारलं, "कायमच्या कॅपला सिरॅमिक कोणतं घेऊ या? एक काचेच्या जातीचं आहे. त्यात उजेड शिरतो, अगदी खऱ्या दातासारखं दिसतं. समोरच्या दातांना मी बहुतेक तेच देते. दुसरं झिर्कोनिया. ते जास्त दणकट, पण दिसायला जरा मठ्ठ."

एखादीने 'तुम्ही म्हणाल ते' म्हणून विषय मिटवला असता. पण मोजपट्टीचा सगळा जन्म सिरॅमिक मोडून बघण्यात गेला होता. "विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर शोधनिबंध पसरले. ताटं मांडीवर आली.

"अगं, दात बसवायचेत," नवरा म्हणाला. "धरण नाही बांधायचं."

"धरण फुटलं तर चौकशीला समिती तरी असते. इथे मी एकटीच आहे."

विचार लांबत गेला, तशा तात्पुरत्या कॅप सैल होत गेल्या. मग त्यांची एक खोड उघड झाली. जीभ दातांना मागून टेकली की त्या निसटून हातात येत. बाईंनी आरशासमोर उभं राहून पद्धतशीर प्रयोग केले. त, थ, द, ध, न हे शाळेत घोकलेले दंत्य वर्ण सगळेच धोक्याचे ठरले. 'हो' मात्र थेट घशातून येतो, त्याला दात लागत नाहीत. 'नाही' म्हणायला गेलं की पहिल्याच अक्षराला कॅप जिभेवर.

तेव्हापासून बाई ऑफिसात फक्त 'हो' म्हणू लागल्या.

पहिल्या बैठकीत पडद्यांचा रंग ठरला. "बाई, हिरवा चालेल?" "हो." दुसऱ्या बैठकीत भट्टीच्या तापमापकाची तपासणी पुढे ढकलायचं ठरलं. "बाई?" बाईंच्या जिभेने उचल खाल्ली, कॅप हलली, जीभ मागे आली. "हो." एरवी बाईंच्या हरकतींमुळे जेवणाची सुट्टी खाणारी बैठक चहा गार व्हायच्या आत संपली.

"बाई आता परिपक्व झाल्या," साहेब म्हणाले. "ऐकून घेण्याची वृत्ती आली." उपसंचालकाची खुर्ची रिकामी होती. साहेबांनी बाईंचं नाव वर पाठवलं. ते मंजूरही झालं.

आणि मग ती खेप आली. विजेच्या खांबांवर तारा धरून ठेवायला चिनी मातीचे जे पांढरे रोधक बसवतात, त्यांची. तापवून गार पाण्यात सोडले की त्यातले निम्मे तडकत होते. बाईंनी अहवालात तसं लिहिलं. साहेबांनी तो न वाचता परत दिला. "लेखी कशाला, बाई? आपण काय परके आहोत? बैठकीत तोंडाने सांगा की."

बाई तशाच दंतवैद्याकडे गेल्या. दंतवैद्यबाईंनी सैल कॅप काढून घेतल्या, जीभ मोकळी झाली आणि निर्णय क्षणात झाला.

"झिर्कोनिया."

"नक्की? समोरचे दात आहेत, मठ्ठ दिसतील."

"दिसू देत. पण 'नाही' म्हणताना हलता कामा नयेत. बरेच साठलेत."

कॅप बसल्या. बाईंनी जिभेने ढकलून पाहिल्या. भिंतच. बैठकीच्या दिवशी त्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि जीभ आधीच दातांमागे टेकवून ठेवली.

"उपसंचालक म्हणून बाईंची ही पहिलीच खेप," साहेब हसत म्हणाले. "तर खेप समाधानकारक. हो ना?"

टेबलाभोवती 'हो' फिरू लागला. लेखापालाचा हो, भांडारपालाचा हो, दोन तपासनिसांचा एकत्र हो. तो बाईंपाशी येऊन थांबला. सगळे प्रेमाने बघत होते. नवी खुर्ची फारच मऊ होती.

"हो," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या तणतणत दंतवैद्याकडे पोचल्या. "तुमच्या कॅपमध्ये दोष आहे. 'नाही' येत नाही."

"म्हणा बघू."

"नाही."

"जरा मोठ्याने."

"नाही! मुळीच नाही! ती खेप तडकते आणि मी ती खांबावर चढू देणार नाही!"

बाहेर बसलेल्या पेशंटनी एकमेकांकडे बघितलं.

"छान येतंय की," दंतवैद्यबाई आरसा पुसत म्हणाल्या. "ऑफिसातच येत नाही ना? मग ते दातांचं दुखणं नव्हे."

"मग कशाचं?"

"मला काय विचारता? माझ्याकडे निम्मे लोक हेच घेऊन येतात. त्यातल्या कित्येकांचे दात तर अगदी शाबूत असतात."

खेप यथावकाश खांबांवर चढली, कदाचित तुमच्याही गल्लीत. बाई खुर्चीवर आहेत. दात मठ्ठ दिसतात, असं कुणीही म्हणत नाही. आपल्या दातांबद्दल ज्यांना शंका असेल, त्यांनी दार लावून, आरशासमोर, मोठ्याने एकदा 'नाही' म्हणून पाहावं.

बघा, किती स्पष्ट आलं. घरी सगळ्यांनाच येतं.