अहो, डावीकडे!

दुपारी चारच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरून "मेला! मेला एकदाचा!" अशी सत्तरीच्या बाईंची आरोळी आली, तर तुम्ही धावत सुटू नका. आम्ही कोणी धावत नाही. नवा वॉचमन पहिल्याच दिवशी काठी घेऊन धावला होता. बाईंनी दार अर्धवट उघडून त्याला सांगितलं, "काही नाही हो. पुलाखाली एक लपला होता, त्याला मारलं," आणि दार लावून घेतलं. तो बिचारा दोन दिवस पूल शोधत होता.

या आमच्या ओगले बाई. डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळ, चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर 'ओगले टंकलेखन वर्ग' होता, त्याच्या मालक, शिक्षिका आणि शिपाई सगळं त्याच. "नजर कागदावर, बोटं आपापल्या घरी," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि "आधी अचूक, मग वेग," हे दुसरं. तिसरं वाक्य बोलायची वेळ आली तर ते त्यांची पट्टी बोलायची. कोणी चोरून कळांकडे बघितलं, की त्याच्या हातांवर रुमाल पडायचा. दहावीच्या सुट्टीत मीही तिथे जात होतो. माझ्या हातांवर अख्खा मे महिना रुमाल होता आणि तरीही परीक्षेत माझा 'ज्ञ' चुकला. बाई तो अजून विसरलेल्या नाहीत.

कॉम्प्युटर आले, वर्ग बंद झाला, मशीनं भंगारात गेली. अशा या बाई बंदुकीच्या खेळाकडे वळल्या, त्याला कारण एक मिक्सर. बहिणीकडे माजिवड्याला गेल्या असताना त्यांनी तिथल्या एका मॉलमधून दोन चादरी घेतल्या आणि त्यावर लकी ड्रॉचं कूपन मिळालं. तिसरं बक्षीस मिक्सर होतं. बाईंना लागलं पहिलं, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल, सोबत गोळीबाराचा एक खेळ फुकट. लोक पहिल्या बक्षिसासाठी भांडतात, बाई तिसऱ्यासाठी तासभर भांडल्या. मॉलवाले ऐकेनात, तेव्हा खोकं घेऊन घरी आल्या.

मी त्यांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहतो. वय अडतीस, विम्याच्या क्लेमची कामं घरून करतो आणि कन्सोलवर बंदुकीचे खेळ खेळतो. यातली शेवटची गोष्ट माझी बायको पाहुण्यांना सांगत नाही. तर आठ दिवसांनी बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "पराग, हे मला शिकव."

"अहो बाई, तुम्ही? हे?"

"घरात आलेली वस्तू नुसती ठेवून काय पूजा करायची?"

मी म्हटलं, खाली येऊन वायरी लावून देतो. तर घाईघाईने म्हणाल्या, "नको, नको. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय. तू लिहून दे, मी लावते."

'हे' म्हणजे ओगले काका. रिक्षात बसणं हा धडधाकट पायांचा अपमान आहे, असं मानणारे गृहस्थ. पांढरे कॅनव्हासचे बूट, हात पाठीमागे बांधलेले, आणि नव्या इमारतीची पाटी दिसली की थांबून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि थेट शीळफाट्याहून बाईंना फोन केला, "सहज आलेलो. इथे मेथी चांगली दिसत्ये." मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुरुवातीला आम्ही सगळे भेटून आलो. मग बाई दारातूनच सांगायला लागल्या, "आत्ताच डोळा लागलाय." एका माणसाचा इतक्या वेळा डोळा लागत नाही, हे आम्हाला कळत होतं. पण आम्ही विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर आम्हालाही ते सोयीचं होतं.

शिकवणी माझ्याकडे सुरू झाली. मी कंट्रोलर हातात दिला आणि समजावलं, "बाई, डाव्या अंगठ्याने आपला माणूस चालवायचा. उजव्या अंगठ्याने त्याची नजर आणि बंदूक फिरवायची. उजव्या तर्जनीने गोळी."

"डावीकडचं राहू दे. उजवीकडचं नीट सांग."

"पण चालता आलं नाही तर..."

"चालण्याचं मी बघते. तू नेम शिकव."

वर्गातही त्या एका दिवशी एकच हात शिकवायच्या, म्हणून मी वाद घातला नाही. दुर्बिणीतून बघायची कळ डावीकडे होती, तीही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन उजवीकडे आणायला लावली. मग कमरेचा रुमाल काढून कंट्रोलरवर टाकला आणि रुमालाखालून सराव चालू केला.

माझी पद्धत म्हणजे नजर गरागरा फिरवायची आणि दिसेल तिथे गोळ्या झाडायच्या. बाईंनी ते पाच मिनिटं बघितलं. "तू नेम मारत नाहीस रे, सडा घालतोस," म्हणाल्या. फिरण्याचा वेग सगळ्यात कमी करून घेतला. खेळातल्या गोदामाच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे एकेक गोळी, ओळ संपली की खाली दुसरी ओळ, असा पानभर गृहपाठ केला. समास सोडून. मी त्यांना या खेळातली खरी मेख सांगितली, की कोपऱ्यावर वळायच्या आधीच बंदूक माणसाच्या छातीच्या उंचीवर धरून ठेवायची, म्हणजे तो दिसला की नुसतं दाबायचं. बाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे पुढचा शब्द आधीच वाचून ठेवायचा!" हे मला वीस वर्षांत इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

महिन्याभरात आम्ही ऑनलाइन खेळायला लागलो. मी माझ्या घरून, त्या त्यांच्या घरून, कानाला हेडफोन लावून. तिसरा गडी कानपूरचा, मिश्राजी, शाळेत गणित शिकवणारा सज्जन माणूस. खेळ एका बेटावर चालायचा. खाली बंदर, मधे गाव, आणि पार टोकाला टेकडीवर दीपगृह. मेलं, की पुन्हा बंदरावर जन्म.

बाईंचा नेम पाहून मिश्राजी थक्क झाले. आणि बाईंची चाल पाहून मी. त्यांचा माणूस कधी पळायचाच नाही. "बाई, पळा!" म्हटलं की म्हणायच्या, "पळणं नाही आमच्यात." गोळ्यांचा पाऊस पडत असताना तो दुकानाच्या पाटीसमोर थांबायचा. गावातल्या कारंज्याला तीन प्रदक्षिणा घालायचा. आणि तिथून जो निघायचा तो दीपगृहाच्या रस्त्याला.

"बाई, तिकडे काही नाही! ना गोळ्या, ना औषध, ना शत्रू!"

"मला माहित्ये रे. पण जातंय ते तिकडेच, मी काय करू?"

किती मारले याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं. त्यांच्या वहीत एकच रकाना होता, 'टिकले'. तीन मिनिटं, साडेचार मिनिटं, पाच. त्या संथ चालीने बंदरापासून दीपगृहापर्यंत जायला दहा-अकरा मिनिटं लागली असती, आणि अर्ध्या वाटेवर कोणी ना कोणी त्यांना टिपायचंच. दीपगृहाला एकदा हात लावून यायचं, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात होतं. मेल्या की हेडफोनमधून असा सुस्कारा यायचा, की एवढं वाईट मला क्लेम नामंजूर करतानाही वाटत नाही.

आणखी एक गंमत होती. बाई मला 'अरे' म्हणत, मिश्राजींना 'मास्तर' म्हणत, पण खेळ रंगात आला की त्यांच्या तोंडी सारखं 'अहो' यायचं. "अहो, डावीकडे! अहो, थांबा ना जरा! अहो, पायरी आहे!" मिश्राजींनी एक दिवस न राहवून विचारलं, "भाईसाहब, ये अहो कौन है? दिखता तो नहीं कभी."

मी भाषातज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "कोई नहीं है मिश्राजी. हमारे मराठी में इज्जत से बुलाते हैं, तो अहो बोलते हैं." मिश्राजींना ते इतकं आवडलं, की ते बाईंना 'अहोजी' म्हणायला लागले. मी मराठी घरात वाढलेला माणूस. माझी आई आयुष्यभर बाबांना दुसरं काही म्हणालेली नाही. पण डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ.

मग तो मंगळवार आला. बाई साडेसहा मिनिटं टिकल्या होत्या, टेकडी अर्धी चढून झाली होती. एवढ्यात हेडफोनमधून आवाज आला, "अहो, थांबा! अहो, काय होतंय? अहो!" मग काहीतरी घसरल्याचा आवाज, आणि एकदम शांतता. पडद्यावर त्यांचा माणूस एका भिंतीआड उभा राहिला, तो हलेचना. "बाई? बाई!" मी कंट्रोलर टाकला आणि अनवाणी खाली पळालो.

फिजिओथेरपीवाली मुलगी यायची म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलून आत गेलो.

हॉलमध्ये टीव्हीसमोर खुर्चीत ओगले काका बसले होते. पाठीची उशी सरकल्यामुळे ते एका बाजूला कलले होते आणि बाई त्यांना दोन्ही हातांनी सावरत होत्या. हेडफोनची वायर निघून खाली लोंबत होती. काकांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते, लेस नीट बांधलेल्या. आणि दोघांच्या मधे एका उंच स्टुलावर कंट्रोलर होता, अर्ध्यावर रुमाल टाकलेला. रुमालाबाहेरच्या डाव्या अर्ध्यावर काकांचा अंगठा होता. इतकं सगळं होऊनही तो त्यांनी काढला नव्हता.

"दार वाजवायला मी शिकवलं नव्हतं वाटतं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उभा काय राहिलायस? उशी धर."

मी उशी धरली. काका सरळ बसले. बाईंनी पदराने त्यांचा घाम टिपला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"मॉलवाल्यांनी परत घेतलं नाही, म्हणून लावून बघितलं. ह्यांच्या डाव्या हातात सहज दिला. अंगठा लागला, आणि टीव्हीवरचा तो माणूस चालायला लागला. हे हसले रे, पराग. आजारपणानंतर पहिल्यांदा. मग उजवीकडचं कोणीतरी शिकायला नको? मी मेले की ह्यांचं चालणं थांबतं."

"पण बाई, आम्हाला सांगायचं तरी..."

"ह्यांना असं कोणी बघितलेलं आवडत नाही."

माझी मान खाली गेली. इतके महिने मी या माणसाला "पळा" म्हणून ओरडत होतो. निघून जावं की थांबावं, कळेना. काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पडद्याकडे बघितलं आणि अंगठा पुढे सरकवला. भिंतीआडचा माणूस चालायला लागला. मी तिथेच फरशीवर बसलो.

वायर खोचून हेडफोन मी कानाला लावला. मिश्राजी बिचारे एकटेच लढत होते. "अरे, कहाँ गए सब लोग?"

"मिश्राजी, टेकडी पे आइए. कवर चाहिए."

"किसको?"

"अहो को."

"मिल गए अहो?"

"मिल गए."

पायथ्याशी बसून मिश्राजींनी खालून एकालाही वर येऊ दिलं नाही. आणि आमची स्वारी निघाली. काका चालवत होते, बाई बघत होत्या. वाटेतली प्रत्येक पाटी वाचून झाली. "अहो, डावीकडे! खड्डा आहे!" आधीच वर लपलेला एक जण झुडपातून उठला, बाईंनी एका गोळीत बसवला. दुसरा दाराआड होता, पुढचा शब्द आधीच वाचलेला होता, तोही गेला. दीपगृहाचा जिना काकांनी एकेक पायरी करत चढवला, आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन माणूस उभा केला.

समोर समुद्र होता. चालणं काकांच्या हातात, पण नजर बाईंच्या. त्यांनी उजवा अंगठा अगदी हळू फिरवला आणि काकांना समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवला. बंदूक, नेम, कोपरा सगळं विसरल्या. मीही विसरलो. पडद्याच्या कडेला जिन्यातून एक टोपी वर आली, ती आमच्यापैकी कोणी बघितलीच नाही.

"अगं!"

कोण ओरडलं, ते कळायला मला एक क्षण लागला. गोळी सुटली, पडदा लाल झाला, आणि आमचा माणूस गच्चीवर आडवा झाला.

बाईंनी पडद्याकडे बघितलंही नाही. "काय म्हणालात?" त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "परत म्हणा."

काकांनी ओठ जुळवायची धडपड केली. मान ताणली, डोळे मिटले. आम्ही दोघं वाट बघत बसलो.

"अ... गं."

मला रडू आलं. लपवण्यात काही अर्थ नाही, कारण हेडफोन माझ्याच कानाला होता आणि मिश्राजी विचारत होते, "भाईसाहब, आप रो रहे हैं? अहोजी गिर गए क्या?"

बाईंनी चष्मा पुसला. वही ओढली, 'टिकले' या रकान्यात 'पंधरा मिनिटं' लिहिलं. मग पट्टी घेऊन शेजारी नवा रकाना आखला. त्यावर 'शब्द' असं लिहिलं आणि खाली एकचा आकडा काढला. मला उगाच काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत एक शब्द, बाई."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, थेट त्या मे महिन्यासारखं.

"अचूक आला ना? मग वेग येईल मागाहून," म्हणाल्या. आणि रुमाल सारखा करून काकांकडे वळल्या. "चला अहो. बंदरावरून परत."