जावईबापूंची राखण

रोज संध्याकाळी झाकायचं आणि रोज सकाळी उघडायचं, त्यापेक्षा एकदाच काय ते झाकून मोकळं व्हावं, असं मोहेइने ठरवलं. बस, एवढंच. यात वाईट काही नव्हतं. माणूस मनाने चांगला. पण चांगल्या मनाच्या माणसाला रिकामा वेळ मिळाला की घरच्यांनी जरा सावध राहावं.

मोहेइ मूळचा समुद्रकाठचा. लग्न करून डोंगरात आला तो सुएनोच्या घरी, घरजावई म्हणून. टपाल कचेरीत चिकटला, शिक्के मारत मारत म्हातारा झाला, सासूसासरे गेले, डोक्यावरचे केसही गेले, पण अख्खी वाडी त्याला अजून 'जावईबापू'च म्हणते. डोंगरातलं त्याला काही कळत नाही, हे सगळ्यांनी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. (आणि खरं सांगायचं, तर ते ठरवणं चुकीचं नव्हतं.)

सुएनोचा जीव तिच्या वाफ्यात. घरामागे, तेंडूफळाच्या झाडाखाली, गिबोशीची रोपं. परदेशात म्हणे हिला होस्टा म्हणतात. शहरात हिला गिबोशी म्हणतात आणि बघतात. आमच्या खोऱ्यात हिला उरुइ म्हणतात आणि खातात. वसंतात कोवळे कोंब आले की कापायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, सोयाबीनच्या आंबट चटणीबरोबर, म्हणजे मिसोबरोबर, खायचे. त्यामुळे सुएनो निळ्या पानांची, पांढऱ्या काठांची, सुरकुतलेल्या पानांची अशी नाना तऱ्हेची उरुइ लावते आणि नुसती बघत बसते, हे वाडीला कधी पटलंच नाही. पालक लावावा, त्याच्यासमोर स्टूल टाकून बसावं आणि रात्री मुळ्याचं लोणचं खाऊन झोपावं, तसलाच तो प्रकार. पण सुएनो गुणाची बाई, म्हणून कोणी तोंडावर बोलत नसे.

त्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी सुएनोला शहरात जावं लागलं. वसंत निम्मा सरला होता, चेरी फुलून गळून गेली होती आणि हेच दिवस धोक्याचे. सगळे निर्धास्त झाले की एखाद्या पहाटे हिम उतरतं आणि कोवळं असेल तेवढं काळं करून जातं.

"वाडीच्या भोंग्यावर हिमाची सूचना झाली की चटया टाकायच्या," सुएनो म्हणाली. "सकाळी ऊन आलं की काढायच्या."

"हो."

"तण रोज थोडं थोडं उपटायचं. आणि उपटायच्या आधी नीट बघायचं."

"काय बघायचं?"

"ते तणच आहे का."

"हो हो."

"आणि कोपऱ्यातलं ते माझं रोप." इथे तिचा आवाज बदलला. ते रोप तिने स्वतः बी धरून वाढवलं होतं. पान निळं आणि त्याला सोनेरी काठ. शहरातल्या गिबोशी मंडळाच्या शिराइवाबाई पुढच्या महिन्यात एका रविवारी ते बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर जूनच्या प्रदर्शनात ते रोप मांडलं जाणार आणि खाली सुएनोचं नाव लागणार. घराच्या पाटीवर आधी तिच्या बापाचं नाव होतं, मग मोहेइचं आलं. तिचं स्वतःचं नाव कशाखालीच कधी लागलं नव्हतं. "बाकीची सगळी मेली तरी मी परत लावीन. पण ते जगलं पाहिजे."

"आणि मी?"

"तुमचं फ्रीजमध्ये करून ठेवलंय."

मोहेइने पहिले काही दिवस इमाने इतबारे काढले. संध्याकाळी चटया टाकल्या, सकाळी काढल्या. तण उपटायला बसला, तर एक उपटावं आणि त्याच्या मयताला दुसऱ्या दिवशी चारजण हजर! घोडशेपटी नावाच्या तणाची मुळं तर इतकी खोल, की ओढता ओढता मोहेइला वाटलं, खालून कोणीतरी पलीकडे ओढतंय. गुडघे धरले, कंबर धरली. आणि मग त्याला ती युक्ती सुचली. सगळ्या वाफ्यावर भाताच्या तुसाचा ढीग घालायचा. वरून हिम पडो, खालून तण येवो, दोघांनाही वाट बंद! तो स्वतःवर इतका खूश झाला, की भरदुपारी आरशात बघून आला.

तूस होता सेइगोच्या कोठारात. सेइगो वाडीचा प्रमुख, जाडजूड, मोठ्या आवाजाचा.

"तूस कशाला हवाय, जावईबापू?"

"सुएनोच्या गिबोशीवर घालतो."

सेइगोने हातातला चहा खाली ठेवला. "वहिनींना विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? आल्यावर बघेल, खूश होईल."

सेइगोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठला आणि हातगाडी भरून तूस स्वतः ढकलत आणून दिला. वर म्हणाला, "तुमच्यात धमक आहे हं. मला वाटलं नव्हतं."

आता गंमत बघा. आमच्या खोऱ्यात उरुइवर तूस घालतात ते फक्त एकाच कामासाठी. कोंब अंधारात वाढले की दुधासारखे पांढरे, जाड आणि लुसलुशीत होतात. खायला सगळ्यात उत्तम. घराघरांत हे होतं. मोहेइनेही दर वसंतात ते पांढरे देठ वाटीवाटीने खाल्ले होते. पण समुद्रकाठच्या माणसाचं जेवणाबद्दलचं कुतूहल वाटीपाशीच संपत होतं. ती भाजी पांढरीच उगवते, असा त्याचा समज.

संध्याकाळच्या आत वाडीभर झालं, की सुएनोची पाठ वळताच जावईबापूंनी तिची सगळी उरुइ खायला लावली!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओतोमेआजी अक्रोडाचा मिसो घेऊन आल्या. "हे राहू द्या. तेव्हा लागेल."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"इश्श, तेव्हा म्हणजे तेव्हा!" आजी लाजल्यासारख्या हसल्या आणि कुंपणावरून वाफ्याला नमस्कार करून गेल्या.

मग कोणी सुकी हेरिंग मासळी आणली, कोणी साकेची बाटली. बायको घरी नाही म्हणून लोक किती जीव लावतात, असं मोहेइला वाटलं. त्याने सगळं घेतलं. बरंचसं खाल्लंही. आमच्याकडे घेतलेल्याची परतफेड करावी लागते, हे एवढ्या वर्षांत त्यालाही ठाऊक होतं. फक्त परतफेड तुसाखाली वाढतेय, हे ठाऊक नव्हतं.

"मग, तूस कधी काढायचा?" एकदा सेइगोने रस्त्यात गाठून विचारलं.

"रविवारी. शहरातूनही माणसं येणार आहेत."

"शहरातून! कशाला?"

"बघायला."

"बघायला!" सेइगो पोट धरून हसला. "वा! मग आम्हीही येतो बघायला."

"या की. सगळे या!"

मध्येच एका पहाटे खरंच हिम उतरलं. चेरीच्या बागांत लोकांनी शेकोट्या पेटवून धूर केला, ओतोमेआजींचे बटाटे काळे पडले, आणि मोहेइ पांघरुणात घोरत होता. सकाळी त्याने तुसाच्या ढिगावर मायेने थोपटलं. कोपऱ्यात तर त्याने दुप्पट तूस घातला होता. तिथला कोंब सगळ्यात जाड होता. तोच सुएनोचा, त्याला खात्री होती.

रविवार उजाडला. सुएनो दुपारच्या बसने यायची होती. शिराइवाबाई ऊन छान पडलं म्हणून सकाळीच आल्या. बारीक अंगाच्या, पांढरे हातमोजे घातलेल्या, फुलाशी बोलतात तसं माणसांशी हळू बोलणाऱ्या. बरोबर मंडळातल्या दोघीतिघी. आणि त्यांच्या मागोमाग सगळी वाडी आली. चटया, वाट्या, चुलीवरचं भलंमोठं पातेलं आणि सुऱ्या.

बघायला सुऱ्या कशाला, असा विचार मोहेइच्या मनात आला. पण तो यजमान होता. त्याने बाह्या सारल्या, घसा साफ केला आणि हाताने तूस बाजूला केला.

सगळं पांढरं.

निळं नाही, सोनेरी नाही, काठ नाही, सुरकुती नाही. एका आईच्या पोटचे असावेत तसे पांढरे देठ ओळीने उभे. वर फिकट पिवळं टोक.

"यात निळी कोणती?" शिराइवाबाईंनी विचारलं.

"हीच," मोहेइ म्हणाला.

"आणि सोनेरी काठाची?"

"हीसुद्धा... हीच. किंवा ती."

"काय सुरेख झालीय!" ओतोमेआजी म्हणाल्या, खाली वाकल्या आणि खच्चकन सुरी चालवली.

शिराइवाबाईंच्या तोंडून बारीकशी किंकाळी निघाली. "अहो, हे काय करताय!"

"तुम्हाला देठ आवडतो का शेंडा? लाजू नका, पुष्कळ आहे."

तेव्हा कुठे मोहेइच्या डोक्यात उजेड पडला. मिसो कशासाठी, हेरिंग कशासाठी, हसू कशासाठी, सगळं एकदम. तो ओरडला, पण त्याच्या ओरडण्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. पातेल्यातलं पाणी उकळत होतं, सुऱ्या चालत होत्या आणि सेइगो सगळ्यांना रांगेत उभं करत होता. मोहेइने आजूबाजूला पाहिलं, धावत कोपरा गाठला आणि त्या जाड कोंबावर, कोंबडी अंड्यांवर बसते तसा, कोट पसरून अलगद बसला.

"उठा, जावईबापू," सेइगो म्हणाला.

"नाही."

"बघा रे! सगळ्यात जाड कोंब स्वतःला ठेवलाय!"

"ही सुएनोची आहे!"

"सगळीच वहिनींची आहेत. आम्ही कुठे नाही म्हणतो? त्यांच्या नावानेच खातोय."

"मला कापा, पण हिला नाही!"

"तुम्हाला काय करायचंय कापून? तुम्ही निबर झालात," ओतोमेआजी म्हणाल्या.

इकडे कोणीतरी शिराइवाबाईंच्या हातात वाटी दिली होती. रीतीच्या बाई, नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटून एक देठ तोंडात टाकला. चावला. डोळे उघडले. "आयुष्यभर मी हिच्याकडे बघत आले," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ही अशी लागते होय?" मग हातमोजे काढून पिशवीत ठेवले आणि वाटी पुढे केली.

तेवढ्यात सुएनो आली, आधीचीच बस धरून. हातात कापडाचं गाठोडं. ती वाफ्यापाशी थांबली. खुडलेले बुंधे पाहिले, वाफाळतं पातेलं पाहिलं, वाटी पाठीमागे लपवणाऱ्या शिराइवाबाईंना पाहिलं आणि शेवटी कोपऱ्यात उकिडवा बसलेला नवरा पाहिला.

"अहो, काय करताय?"

"राखण," मोहेइ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "सगळं गेलं, सुएनो. माझं चुकलं. पण हे एक राखलंय बघ. यांना आधी सुऱ्या खाली ठेवायला सांग, मग उठतो."

"उठा."

मोहेइ उठला. गुडघे कडकडले. त्याच्याखालचा कोंब बघायला सगळे वाकले. ओतोमेआजींनी बोटाने तूस सारला आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगंबाई! हे बाइकेइसो आहे."

सगळ्या वाडीच्या हातातल्या जेवणाच्या काड्या जागच्या जागी थांबल्या. हे रानातलं विषारी तण. कोवळं असताना दिसायला अगदी उरुइसारखं, फक्त पानाला देठ नसतो. फसून खाल्लं तर माणूस इस्पितळात जातो. गेल्या वर्षी मोहेइनेच पाणथळीतली माती आणून वाफ्यात घातली होती. तिच्यातून ते आलं असणार.

"म्हणजे..." सेइगोचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मी ते कापणार होतो. याच पातेल्यात टाकणार होतो."

त्याने सुरी खाली ठेवली. मग सेइगोने कमरेत वाकून मोहेइला नमस्कार केला. मग आजींनी. मग सगळ्या वाडीने. मोहेइला काय करावं कळेना, त्यानेही उलट नमस्कार केला.

"पण मग तिचं रोप?" तो रडवेला होऊन म्हणाला. "सुएनोचं रोप कोणी खाल्लं?"

सुएनोने गाठोडं खाली ठेवलं आणि गाठ सोडली. आत कुंडी, कुंडीत निळी पानं, पानांना सोनेरी काठ.

"हे... हे इथे होतं ना?"

"होतं. त्या दिवशी बसथांब्यापर्यंत गेले, पण पाय पुढे जाईना. परत आले, उकरलं आणि घेऊन गेले. तुम्ही झोपला होतात."

"एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

"आहे की. काय होणार याचा मला पुरा विश्वास होता."

शिराइवाबाईंनी ओठाला लागलेला मिसो पुसला, कुंडीपुढे गुडघे टेकले आणि बोटाच्या टोकाने सोनेरी काठ चाचपला. मग म्हणाल्या, "जूनमध्ये. पहिल्या रांगेत. खाली नाव काय लिहू?"

"सुएनो," ती म्हणाली. "नुसतं सुएनो."

बाकीच्या रोपांची मुळं शाबूत होती. उन्हाळ्यात लहान का होईना, पण पानं परत आली. त्या दिवशी सुएनोही शेवटी चटईवर बसली, दोन देठ खाल्ले आणि पाण्यात जरा जास्त वेळ राहिलेत म्हणाली.

आणि मोहेइ? त्याचा मान वाढला. आता डोंगरातून भाजी आणताना कोणाला शंका आली, तर टोपली आधी त्याच्यापुढे ठेवतात. तो चष्मा लावतो, एकेक जुडी उजेडात धरून बघतो, वास घेतो, आणि शेवटी त्यातली एक निवडून गंभीरपणे म्हणतो, "ही उत्तम."

लोक वाकून त्याचे आभार मानतात, घरी जातात, तेवढी एक फेकून देतात आणि बाकीची शिजवतात.