अप्पा घरात असले की बंद राहणारा कॉम्प्युटर

आमच्या जुन्या कॉम्प्युटरमधला बिघडलेला पार्ट म्हणजे माझे सासरे निघाले. हे निदान इरफानभाई तांबोळींचं. इरफानभाई बार्शीत कितीतरी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि उगाच काही बोलत नाहीत.

त्या मशीनवर मी पत्रिका करते. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या आणि वेळ आली तर दुःखाच्यासुद्धा. सून म्हणून आले तेव्हा मला टायपिंग येतं एवढं अप्पांच्या कानावर होतं. ते नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते, नुकतेच रिटायर झालेले. "शिकलेल्या पोरीनं पापड लाटत बसायचं का?" म्हणाले, आणि सोलापूरहून कॉम्प्युटरचं खोकं मांडीवर धरून एसटीनं घेऊन आले. पुढं ह्यांची सूतगिरणी बंद पडली. तेव्हापासून घर त्या मशीनवरच चाललंय, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तर ऐन लग्नसराईत ते चालू होईना. बटण दाबलं की पंखा एकदा गरकन फिरायचा आणि गप्प. इरफानभाईंनी रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, वीजपुरवठ्याचा डबा, एसएमपीएस, बदलून पाहिला, मदरबोर्डवरचा चपटा सेल नवा घातला. दुकानात नेलं की मशीन सुरळीत चालायचं. घरी आणलं की बंद.

"वहिनी, मशीनमध्ये काही नाही," इरफानभाई म्हणाले. "फॉल्ट घरात आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. माझी जीभ जरा तिखटच आहे.

ते रागावले नाहीत. त्यांनी आमचं अर्थिंग तपासलं, वायरिंग तपासलं, मग स्टुलावर बसून कपाळ पुसलं. "आता माणसं तपासावी लागतील. एकेक काढून बघू."

मी काही बोलणार तेवढ्यात अप्पा कॉटवर उठून बसले. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "गळती सापडत नसली की आम्हीसुद्धा एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचो. जो बंद केल्यावर पाणी थांबलं, तिथं खोदायचं."

मग रीतसर सुरुवात झाली. आधी ह्यांना घराबाहेर काढलं. मशीन बंदच. ह्यांना आत घेऊन आमच्या मुलीला, ऋतुजाला, बाहेर पाठवलं. बंद. मी स्वतः जाऊन पायरीवर उभी राहिले. तरी बंद. राहिले अप्पा. ते काठी टेकत टेकत गेले, त्यांचा दुसरा पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि आतून टुक् असा आवाज आला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," हे म्हणाले.

पण इरफानभाईंनी अप्पांना आत बोलावलं तर मशीन बंद पडलं. बाहेर पाठवलं तर चालू झालं. असं पुन्हा पुन्हा केलं. शेवटी अप्पाच म्हणाले, "बास करा की आता, गुडघे बोलायला लागले."

म्हातारं माणूसच मशीनला चालत नसेल अशी एक शंका होती. म्हणून शेजारचे लोखंडे मास्तर आणून अप्पांच्या कॉटवर बसवले. मास्तर अप्पांपेक्षाही वयानं मोठे. ते चहा प्यायले, बशीत ओतून सावकाश प्यायले, आणि मशीन बिनतक्रार चालत राहिलं. मग इरफानभाई अप्पांना स्कूटरवरून दुकानात घेऊन गेले. तिथं दुरुस्तीला आलेली बाकीची मशीनं अप्पांसमोर चालू करून पाहिली. सगळी चालली.

परत आल्यावर त्यांनी निकाल सांगितला. "अप्पांमध्ये दोष नाही. मशीनमध्ये दोष नाही. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. जुन्या पार्टांचं होतं असं. वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं चालतात आणि एक दिवस एक दुसऱ्याला ओळखत नाही."

"मग उपाय काय?"

"घरात दोघांपैकी एकच ठेवायचा," इरफानभाई म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, पिशवीची चेन लावत होते.

"मग भंगारात घाला ते डबडं!" मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

"खुळी का काय तू, उज्ज्वला?" अप्पा म्हणाले. "लग्नं काय माझ्यासाठी थांबणार आहेत? नव्या मशीनवर तुझी अक्षरं दिसत नाहीत, तूच सांगत होतीस ना?"

ते खरं होतं. माझे जुने फॉन्ट नव्या मशीनवर उघडले की ओळीच्या ओळी नुसते चौकोन दिसायचे. इरफानभाईंच्या दुकानात मशीन ठेवून काम करावं, तर ते दुकान जिन्याखालचं. ते स्वतःच तिथं तिरके बसतात.

"मी बाहेर बसतो," अप्पा म्हणाले. "उंबऱ्यापलीकडं. काय परगावी जायचंय का?"

अशी अप्पांची खुर्ची दाराबाहेर गेली. मी आत, ते बाहेर. दार उघडंच ठेवायचं. मी पत्रिकेतली नावं मोठ्यानं वाचायची आणि ते बाहेरून दुरुस्त करायचे. सगळ्या गावाला त्यांनी पाणी सोडलेलं, त्यामुळं कुठल्या गल्लीत कोण राहतं हे त्यांना पाठ. "अगं, थोरल्या चुलत्याचं नाव राहिलंय. मांडवात भांडणं लावतेस का?" असं ओरडायचे. मग लोक मुद्दाम माझ्याकडं यायला लागले. माझ्या पत्रिकेत माणूस सुटत नाही असं नाव झालं.

गल्लीतल्या बायकांनी मात्र नावं ठेवली. सुनेनं सासऱ्याला दारात काढलं म्हणाल्या. एकीला मी हाताला धरून आत आणलं, अप्पांना आत घेऊन मशीन बंद पडतं ते दाखवलं. तिनं बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "तरी पण बाई, बरं दिसत नाही." मलाही ते बरं दिसत नव्हतं.

अप्पांची इच्छा एकच होती. आपण घरात असताना मशीन एकदा तरी चालू व्हावं. सकाळी चहा झाला की बाहेर जायच्या आधी म्हणायचे, "दाब गं एकदा, मी आहे तोवर." मी दाबायची. पंखा गरकन फिरून गप्प. "राहू दे. उद्या बघू," म्हणायचे आणि काठी घ्यायचे. एकदा मी स्वयंपाकघरातून आले तर ते आपल्या टॉवेलानं त्या सीपीयूच्या डब्यावरची धूळ पुसत होते. हळूच त्याला म्हणत होते, "तुला मांडीवर घेऊन आलो होतो रे मी. उभ्यानं आली माणसं, पण तुला खाली ठेवलं नाही." मी तशीच मागं फिरले आणि फोडणी जळेपर्यंत रडले.

थंडी पडली. शाल दिली, कानटोपी दिली, तरी त्यांना खोकला धरला आणि मग ताप आला. डॉक्टरांनी सांगितलं, घराबाहेर काढायचं नाही. मी ऑर्डरी परत केल्या. ज्यांचं लग्न तोंडावर होतं ते मला वाटेल ते बोलून गेले. अप्पा कॉटवरून सगळं ऐकत होते.

"मला दवाखान्यात टाका," ते म्हणाले. "तुझं काम तरी होईल."

"गुमान पडा," मी म्हणाले. "तुमच्यापुढं त्या डबड्याची काय किंमत?"

"बरं. पण सकाळी दाबत जा."

मी रोज दाबत होते. ते उशीवरून मान वळवून बघायचे. चालू झालं नाही की मलाच समजावायचे, "जाऊ दे, त्याचंही वय झालंय."

त्या दिवशी सकाळी ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते. उठवायचं माझ्या जिवावर आलं. गॅसवर चहा ठेवला आणि सवयीनं बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. टुक् असा आवाज झाला. पडद्यावर अक्षरं उमटली, माझे सगळे फॉन्ट जागच्या जागी.

"अहो अप्पा!" मी किंचाळलेच. "चालू झालं! तुम्ही घरात आहात आणि चालू झालं!" हे धावत आले, ऋतुजा पांघरूण गुंडाळून आली. ऋतुजा टाळ्या पिटायला लागली. मी अप्पांच्या कॉटशी गेले. "उठा, बघा तरी, ओळखलं त्यानं तुम्हाला!" म्हणत त्यांना उठवायला हात धरला. हात गार होता.

इरफानभाई आले, सगळं होईपर्यंत ह्यांच्यासोबत राहिले. नंतर घरात येऊन त्यांनी चालू मशीनकडं बघितलं. जाताना फक्त, बाहेरची खुर्ची आत घेऊ का, असं विचारलं. मी नको म्हणाले.

तेराव्याची पत्रिका मीच केली. कै. भगवंत तुकाराम गव्हाणे. नाव मोठ्या टायपात घेतलं, दोन्ही बाजूंना दिव्याचं चित्र टाकलं. खाली सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचली आणि दाराकडं कान देऊन थांबले. थोरले चुलते राहिले होते, ते माझं मलाच आठवलं. मशीन मध्येच अडेल असं मला वाटत होतं. ते एकदाही अडलं नाही.

आता रोज सकाळी बटणावर बोट ठेवलं की मी आधी त्या कॉटकडं बघते. होऊ नकोस रे चालू, असं मनातल्या मनात म्हणते. ते चालू होतं. मग मी कामाला बसते.