राहणे, खाणे व प्रसाधन उपसमिती

रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरचे खांबेटे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, काखेत सरकारी फाईल आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलेलं.

"सबनीस, तुमच्या कमोडवर पाच मिनिटं बसू का? ऑफिशियल काम आहे."

बेलवलीतल्या आमच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत कमोड एकट्या माझ्याकडे होता. वडिलांच्या गुडघ्यांसाठी बसवलेला. वडील गेले, कमोड राहिला. पण त्याच्याशी कुणाचं ऑफिशियल काम निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खांबेटे आत गेले. साखळी ओढल्याचा आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा साखळी. माझी बायको नीला स्वयंपाकघरातून खुणेनंच विचारत होती, काय चाललंय? मी खुणेनंच सांगितलं, मलाही माहीत नाही.

खांबेटे फाईलमध्ये काहीतरी लिहीतच बाहेर आले.

"टाकी भरायला चार मिनिटं दहा सेकंद. बसल्यावर गुडघे दाराला टेकतात. सबनीस, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इंटरनॅशनल लेव्हलला हे चालणार नाही. जर्मन माणूस चार मिनिटं थांबणार नाही."

"कुठला जर्मन?"

"येणार आहेत," असं म्हणून ते जिना चढून गेले.

दिगंबर खांबेटे एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्यालय अधीक्षक होते. विज्ञानाशी त्यांचा संबंध शास्त्रज्ञांच्या रजा आणि प्रवासभत्ते यांच्यापुरता. पण तेवढ्यावरही त्यांचा रुबाब असा, की "उद्या आमच्या डॉक्टरसाहेबांना जगातलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, तरी ते आणायला जायचा रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर येणार" हे ते भाजीवाल्यालाही ऐकवत. बोलणं सगळं कार्यालयीन. वहिनींनी विचारलं, वांगी आणू का, तर उत्तर यायचं, "सदरहू बाब विचाराधीन आहे." वांगी मग दुसऱ्या दिवशी मंजूर होत.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. त्यांच्या प्रयोगशाळेत एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग भरवायचं घाटत होतं. चार-पाच देशांचे शास्त्रज्ञ, आणि एक अजस्र यंत्र. हे यंत्र काय करतं, ते खांबेट्यांनी आम्हाला सोसायटीच्या गच्चीवर समजावून सांगितलं.

"अतिसूक्ष्म कण घ्यायचे. रिंगणात फिरवायचे. फिरवत फिरवत त्यांचा वेग वाढवायचा. आणि मग द्यायचे एकमेकांवर आपटून! त्यातून काय बाहेर पडतं ते बघायचं."

सोसायटीचे सेक्रेटरी पाटील म्हणाले, "म्हणजे आपली जनरल मीटिंग."

खांबेटे हसले नाहीत. हा प्रयोग आपल्याकडे यावा म्हणून आधी परदेशी पाहुण्यांचं एक पथक पाहणीला येणार होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत समित्या नेमल्या होत्या. चुंबकांची समिती, विजेची समिती, इमारतीची समिती. आणि सगळ्यात शेवटी, परिपत्रकाच्या मागच्या पानावर, राहणे, खाणे व प्रसाधन उपसमिती. तिचे सदस्य-सचिव खांबेटे. उरलेले दोन सदस्य पहिल्याच मीटिंगला आले नाहीत, त्यामुळे उपसमितीत कमालीची एकवाक्यता होती.

"यंत्र काय, कुणीही बांधेल," खांबेटे म्हणाले. "पण पाहुण्याला रात्री झोप लागली नाही, तर सकाळी तो चुंबकाकडे प्रेमानं बघेल का?"

मी मान डोलावली. त्यामुळे पुढच्या शनिवारी गाद्या बघायला मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेलो. टेकचंद शेठच्या दुकानात खांबेट्यांनी चपला काढल्या आणि ओळीनं मांडलेल्या सात गाद्यांवर ते एकेक करून झोपले. नुसते झोपले नाहीत. पालथे, उताणे, कुशीवर. "रशियन माणूस सव्वासहा फूट," असं म्हणत त्यांनी माझे पाय धरून मला खाली ओढलं आणि गादीच्या बाहेर किती जातात ते टेपनं मोजलं.

टेकचंद शेठ दहा मिनिटं गल्ल्यावरून बघत होते. मग म्हणाले, "साईं, आप खरीदने आये हो, या नींद पूरी करने?"

"गव्हर्नमेंट का काम है. इंटरनॅशनल."

"इंटरनॅशनल बोलो ना फिर! ये देखो, फॉरेन का माल."

"कौनसे फॉरेन का?"

"आप कंट्री बोलो," शेठ गंभीरपणे म्हणाले. "लेबल लग जायेगा."

खांबेट्यांनी फाईल उघडून लिहिलं : पुरवठादार सहकार्यशील.

मग निघाली रंगीत तालीम. पाहुण्यांना काय खायला घालायचं, तिखट किती, वाढायचं कसं, हे आधी माणसांवर करून बघायला हवं, असं उपसमितीनं एकमतानं ठरवलं. जागा खांबेट्यांचंच घर. इमारतीतल्या प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला. मी इटली. पाटील जपान. नीला फ्रान्स, आणि ती खरोखरच त्या दिवशी अत्तर लावून आली. माझी आई म्हणाली, "मी नाही बाई येत." तर खांबेटे स्वतः खाली येऊन हात जोडून म्हणाले, "मावशी, रशियाशिवाय कोरम होत नाही." आई काय समजली कुणास ठाऊक, पण शाल पांघरून निघाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खांबेटे कोकणस्थ. कुसुमवहिनी अंबरनाथच्या बौद्ध कुटुंबातल्या, तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. लग्न रजिस्टर पद्धतीचं. खांबेट्यांच्या घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं. वहिनींचे वडील म्हणाले, "ते लोक तुला घरात घेणार नाहीत, आणि आम्ही त्यांच्या दारात जाणार नाही." मूलबाळ झालं नाही. आमची इमारत तशी सुधारलेली. आम्ही कुणी काही मानत नव्हतो. फक्त खांबेट्यांकडे जेवायचं निघालं, की कुणाचं पोट तरी बिघडायचं, नाहीतर कुणाला उपास तरी असायचा. संक्रांतीला वहिनींनी दिलेला तिळगूळ आई दारातच घ्यायची आणि भांडी घासणाऱ्या बाईला द्यायची. हे मी बघायचो आणि पेपर वाचायचो.

तर तालीम. आम्ही रांगेनं जिना चढलो. दारात खांबेट्यांनी झेंडूची फुलं दिली. आम्ही टेबलाशी बसलो. तीन घरची तीन टेबलं जोडून केलेलं एक टेबल. वहिनी थालीपिठं लावत होत्या, साधं एक, कमी तिखट एक, आणि एक 'अंतिम मर्यादा'. खांबेटे फाईल घेऊन मागून फिरत होते.

"सबनीस, इटालियन माणूस बोटं चाटत नाही!"

"लोणी लागलंय हो."

"मग इटालियनमध्ये लागू दे. पाटील, ताकाचा भुरका नको."

"जपानी लोक भुरका मारतात," पाटील ताटातून मान न काढता म्हणाले. "मी वाचलंय."

"काय सांगता? नोंद घेतो."

आईनं पहिलं थालीपीठ संपवलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघायचं टाळत होतो. मग तिनं ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "कुसुम, रशियाला आणखी एक वाढ. कडेला जरा खरपूस असू दे." वहिनी उलथणं हातात धरून तशाच उभ्या. तव्यावरचं थालीपीठ करपून धूर निघायला लागला, तेव्हा खांबेटे ओरडले, "अहो, गॅस! जर्मन माणूस घाबरेल!"

अशा तालमी एकूण चार झाल्या. दुसरीनंतर कुणाला बोलवावं लागलं नाही. पाटील तर विचारायला लागले, "येत्या रविवारी कुठला देश आहे?"

अखेर पाहुणे आले. चौघं. दोन दिवस त्यांनी प्रयोगशाळा पाहिली आणि खांबेट्यांच्या योजनेचा चुथडा केला. सव्वापाच फुटी रशियन खाली सतरंजीवर झोपला, पाठीला बरं म्हणून. इटालियनानं भारतीय पद्धतीचा संडास कुठे आहे अशी चौकशी केली. आणि उल्हासनगरहून मोजूनमापून आणलेल्या टॉयलेट पेपरवर दोघांनी सकाळच्या नाश्त्याला गणितं केली आणि गुंडाळी नीट सोबत नेली. खांबेट्यांनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा आवाज रडवेला होता. "सबनीस, यांच्यात काही शिस्तच नाही हो."

तिसऱ्या दिवशी पथक अंबरनाथला आलं. यंत्राचे पोलादी सांगाडे इथल्या एका कारखान्यात करता येतील का, ते बघायला. मे महिना. पत्र्याची शेड. पथकात हेल्गा म्हणून साठीच्या जर्मन बाई होत्या. त्या एका लेथ मशीनजवळ उभ्या होत्या, त्या हळूच खालीच बसल्या. डोळे मिटले, चेहरा पांढराफटक. धावपळ झाली. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं. ऊन लागलंय, पाणी द्या, गार खोलीत झोपवा. हॉस्पिटलचं नाव काढताच बाई ठाम नको म्हणाल्या. सोबत आलेल्या प्रयोगशाळेच्या संचालकांना काही सुचेना. सगळे खांबेट्यांकडे बघायला लागले आणि खांबेटे फाईलकडे. फाईलमध्ये पंचेचाळीस पानं होती. आजारी पाहुण्याचं पान नव्हतं.

खांबेट्यांनी फाईल बंद केली. "सर," ते म्हणाले, "माझं घर पंधरा मिनिटांवर आहे."

मला त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून मी घरीच होतो. फाटकात पांढरी अँबॅसडर थांबली आणि खांबेटे जर्मनीला हाताला धरून जिना चढवताना दिसले. पाठोपाठ अख्खी इमारत गॅलरीत. शाळेला सुट्टी, त्यामुळे वहिनी घरी होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. ओल्या टॉवेलनं बाईंचे हातपाय पुसले, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं आणि त्यांना पलंगावर झोपवलं. बाई एक वाजता झोपल्या त्या पाचपर्यंत.

ते चार तास बेलवलीनं असे कधी पाहिले नसतील. खांबेटे जिन्यात उभे राहिले. भंगारवाल्याला त्यांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवला. तीन घरांत जाऊन कुकरच्या शिट्ट्या उतरवल्या. पाटलांची स्कूटर त्यांनी आणि मी ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि मग पाटलांनी ती सुरू केली. वरच्या काळ्यांचं तान्हं रडायला लागलं, तर खांबेटे त्यालाही म्हणाले, "सदरहू बाब थोडी लांबणीवर टाक रे बाबा."

पाचला बाई उठल्या. वहिनींनी मऊ भात, तूप, मेतकूट पुढे ठेवलं. बाई पलंगावरच मांडी घालून बसल्या आणि हातानं जेवल्या. तुटक इंग्रजीत दोघी शाळेबद्दल, मुलांबद्दल बोलत होत्या. हेल्गाबाईंच्या आईही शाळेत शिकवायच्या म्हणे. निघताना त्यांनी वहिनींना मिठी मारली. वहिनींना ती कशी परत द्यायची ते कळेना, म्हणून त्यांनी बाईंच्या पाठीवरून हात फिरवला, लेकीच्या फिरवावा तसा.

प्रयोग आपल्याकडे आला नाही. हे सांगून टाकतो. चार-पाच महिन्यांनी कळलं, दुसऱ्या एका देशाला दिला. कारणं विजेची, पैशाची, आणखी कसली कसली. उपसमिती बरखास्त झाली. खांबेटे कोसळतील असं आम्हाला वाटलं होतं, पण ते नुसते "नस्तीबंद", म्हणजे फाईल बंद, एवढंच म्हणाले आणि भाजी आणायला गेले. आम्हाला नवल वाटलं. मला मात्र थोडं कमी वाटलं, कारण बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो होतो.

गेलो होतो निव्वळ भोचकपणानं. जर्मन बाई काय काय म्हणाली ते ऐकायला. वहिनी दूध आणायला गेल्या होत्या. खांबेटे बनियनवर, खुर्चीत पेपर वाचत बसलेले. समोर पलंग तसाच. चादर चुरगळलेली, उशीला खड्डा, पायथ्याशी पांघरूण गोळा होऊन पडलेलं. खांबेट्यांच्या घरात रुमालसुद्धा घडी घातल्याशिवाय राहत नसे. बसायला जागा करावी म्हणून मी चादरीचं टोक हातात घेतलं.

"राहू दे, सबनीस," खांबेटे पटकन म्हणाले.

मी हात मागे घेतला. त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली.

"कुसुमनं लग्नात एक जास्तीची गादी शिवून घेतली होती," ते म्हणाले. "म्हटलं, आज रागावलेत, वर्षा-दोन वर्षांत येतील. तिचा भाऊ, माझी आत्या, कुणीतरी. मुक्कामाला. दर उन्हाळ्यात ती गादी गच्चीवर ऊन दाखवायला नेते आणि परत आणते. एकोणीस वर्षं." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "काल पहिल्यांदा घातली."

 खाली पाटलांची स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"रात्री मी आवरायला घेतलं, तर रागावली माझ्यावर. आम्ही दोघं काल खाली चटई टाकून झोपलो." खांबेटे पलंगाकडे बघत म्हणाले, "म्हणाली, इतक्यात उचलू नका. दोन दिवस तरी राहू दे. घरात पाहुणे येऊन गेल्यासारखं वाटतंय."